आधी सील, मग पाटी: कर्नेलमधून पुसल्या गेलेल्या एका ओळीची गोष्ट

महिन्याकाठी फोनवर एक सूचना येते. ‘सिक्युरिटी अपडेट आला आहे, फोन रीस्टार्ट करावा लागेल.’ आपण ‘नंतर’वर बोट ठेवतो आणि कामाला लागतो, कारण अपडेट घेतला काय नि न घेतला काय, फोनमध्ये डोळ्यांना दिसेल असं काहीच बदलत नाही. मग आत दुरुस्त होतं तरी काय? कधी कधी ती दुरुस्ती फक्त एका ओळीची असते.

अशाच एका ओळीबद्दल मला सांगायचं आहे. लिनक्समधली ही ओळ 2016 मध्ये दुसऱ्याच एका दुरुस्तीच्या ओघात पुसली गेली आणि 2019 मध्ये परत लिहिली गेली. ती काही मोजत नाही, काही साठवत नाही, पडद्यावर काही दाखवत नाही. ‘हे आधी, ते नंतर’ एवढंच ती सांगते. ती नसताना प्रोग्राम नेहमीसारखे चालत होते आणि कुणाचं काही अडत नव्हतं. पण एका महत्त्वाच्या पहाऱ्यात फट पडली होती.

## कर्नेल म्हणजे नेमकं कोण?

फोनमधल्या कुठल्याही अ‍ॅपला थेट कशालाच हात लावता येत नाही. फाईल उघडायची असो, कॅमेरा लावायचा असो की नेटवरून काही पाठवायचं असो, दर वेळी कर्नेलकडे मागणी करावी लागते. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. अँड्रॉइड फोनमध्ये आणि जगातल्या असंख्य सर्व्हरमध्ये जो कर्नेल चालतो तो लिनक्स. मागणी आली की तो बघतो, मागणारा कोण आहे आणि त्याला हे द्यायचं का. हीच परवानगीची तपासणी.

‘कोण’ हे एका आकड्यावरून ठरतं. चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम कुठल्या ना कुठल्या युजर क्रमांकाने वावरतो. शून्य क्रमांकाला रूट म्हणतात. रूट म्हणजे घरमालक, त्याला सगळ्या खोल्या मोकळ्या. बाकीच्यांनी आपापल्या खोलीत राहायचं.

कोडमध्ये अशी तपासणी साधीच दिसते. क्रमांक जुळतो का बघ, मग अमुक खूण आहे का बघ, दोन्ही ठीक असेल तर आत सोड. कुणीही वाचून म्हणेल, बरोबर आहे. गडबड होते ती ‘मग’ या शब्दात. लिहिलेल्या क्रमानेच गोष्टी घडतील असं आपण धरून चालतो आणि आजच्या प्रोसेसरमध्ये ते खरं नसतं.

## प्रोसेसर लिहिलेला क्रम पाळत नाही?

नाही पाळत, आणि त्याला कारण आहे. 3 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला 3 अब्ज ठोके टाकतो. मुख्य मेमरीतून एक आकडा आणायला मात्र ढोबळमानाने 100 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सुमारे 300 ठोके. एका ठोक्याला एक सेकंद धरला, तर आकडा येईपर्यंत पाच मिनिटं हातावर हात ठेवून बसायचं.

स्वयंपाक करणारं कुणी असं बसत नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत कणीक मळून होते, कोथिंबीर निवडून होते. वहीत पाककृती कुठल्या क्रमाने लिहिली आहे याला महत्त्व नसतं, जेवायच्या वेळी ताट तयार असलं म्हणजे झालं. प्रोसेसरही तेच करतो. एक आकडा यायला वेळ लागतोय असं दिसलं की पुढच्या ओळीत लागणारा आकडा आधीच आणून ठेवतो.

लिहिण्याचंही तसंच. सरकारी कचेरीत टेबलावर जावकचा ट्रे असतो. कारकून पत्रावर सही करून ते ट्रेमध्ये टाकतो आणि पुढची फाईल घेतो. त्याच्या लेखी पत्र गेलं. प्रत्यक्षात शिपाई ते उचलेपर्यंत पलीकडच्या टेबलाला त्याचा पत्ताच नसतो. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला असा स्वतःचा जावक ट्रे असतो. (कोअर म्हणजे एकाच चिपमध्ये शेजारी शेजारी बसवलेले स्वतंत्र प्रोसेसर. फोनमध्ये आठ असणं आता नेहमीचं झालंय.) काही जातींच्या प्रोसेसरमध्ये तर दुसऱ्यांदा टाकलेलं पत्र पहिल्याच्या आधी पोचलेलंही चालतं. शिवाय माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलरही वेग वाढवण्यासाठी ओळी मागेपुढे करतो.

या सगळ्यात एक वचन मात्र पाळलं जातं. एकट्याने चालणाऱ्या प्रोग्रामला ही उलथापालथ कधीच जाणवत नाही, त्याचं उत्तर लिहिलेल्या क्रमानेच आल्यासारखं येतं. अडचण सुरू होते दुसरं कुणी बघायला लागलं की.

## फ्रिजवरची चिठ्ठी

रात्री आई दुधाला विरजण लावते आणि फ्रिजवर चिठ्ठी लावते, ‘विरजण लावलंय.’ उशिरा घरी येणारा मुलगा चिठ्ठी वाचतो आणि पातेलं झाकून फडताळात ठेवतो. हे वर्षानुवर्षं सुरळीत चालतं, कारण दोघांनी आपापला क्रम पाळलेला असतो. आईने चिठ्ठी आधी लावली आणि विरजण काढायला गेली, तेवढ्यात मुलगा आला, तर साधं दूध फडताळात जाईल आणि सकाळी नासलेलं मिळेल.

घोटाळा मुलाकडूनही होऊ शकतो. त्याने आत येताना पातेल्यात डोकावून पाहिलं, साधं दूध दिसलं. मग हातपाय धुऊन आला आणि चिठ्ठी वाचली. आता त्याच्या डोक्यात चिठ्ठी नवी आहे आणि पातेलं जुनं. आईने सगळं बिनचूक केलं, तरी त्याचा समज चुकीचाच.

एका कोअरने केलेले बदल दुसऱ्याला कुठल्या क्रमाने दिसतात, याच्या नियमांना मेमरी ऑर्डरिंग म्हणतात. आणि जिथे क्रम पाळावाच लागतो, तिथे प्रोग्रामर एक खास सूचना लिहितो. तिला मेमरी बॅरियर म्हणतात. लिहिणाऱ्याच्या बाजूचा बॅरियर म्हणतो, ‘माझ्या आधीचं लिखाण सगळ्यांना आधी दिसू दे, नंतरचं नंतर.’ वाचणाऱ्याच्या बाजूचा म्हणतो, ‘माझ्या आधीचं वाचून झाल्याशिवाय पुढचं वाचू नकोस.’ दोघांची जोडी असते. एकट्या आईने शिस्त पाळून भागत नाही आणि एकट्या मुलानेही नाही. पुढची सगळी गोष्ट या जोडीवर उभी आहे.

## पेपर काढणाऱ्या बाई आणि कपाटाची किल्ली

आता मूळ प्रकरण. प्रोग्रामरकडे डीबगर नावाचं हत्यार असतं. चालू प्रोग्रामला चिकटून त्याच्या मेमरीत काय चाललंय ते त्यातून बघता येतं. लिनक्समध्ये यासाठी पीट्रेस नावाची सोय आहे. नियम सरळ आहे, स्वतःच्या क्रमांकाने चालणारे प्रोग्राम बघा, दुसऱ्याचे नाही. साध्या युजरला रूटच्या प्रोग्राममध्ये डोकावता येत नाही.

पेच येतो तो पायउतार होणाऱ्या प्रोग्राममुळे. काही प्रोग्राम रूट म्हणून सुरू होतात, फक्त रूटला वाचता येईल असं काही वाचतात आणि मग साध्या युजरच्या क्रमांकावर उतरतात. दूरच्या संगणकावरून लॉगिन घेणारे प्रोग्राम हे काम रोज करतात. उतरल्यावरही त्यांच्या मेमरीत मघाशी वाचलेल्या गुपिताचे अवशेष असू शकतात, पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून गणिताने काढलेला ठसा) किंवा एखादी खासगी सांकेतिक किल्ली. आणि आता तर प्रोग्राम त्या युजरच्याच क्रमांकाने चालतोय. मग त्याने डीबगर लावून बघितलं तर?

हे होऊ नये म्हणून कर्नेल अशा प्रोग्रामवर एक खूण करतो. तिचं नाव डम्पेबल. ती बंद असली की क्रमांक जुळला तरी आत डोकावता येत नाही.

शाळेतली एक खोली डोळ्यांसमोर आणा. बाई आत बसून दहावीचा पेपर काढतायत. दारावर पाटी आहे, ‘परीक्षा मंडळ, प्रवेश बंद’. आतल्या कपाटाला सील नाही, कारण ती पाटी असताना शिपाईकाका कुणालाच किल्ली देत नाहीत. पेपर काढून झाला की ती खोली परत स्टाफरूम होणार. पण कपाटात कच्चे कागद पडलेत. म्हणून बाई आधी कपाटाला लाखेचं सील ठोकतात आणि मग दारावर ‘स्टाफरूम’ची पाटी लावतात.

शिपाईकाकांनाही नियम घालून दिलाय. कुणी किल्ली मागितली की आधी पाटी वाचायची, मग सील बघायचं. पाटी ‘स्टाफरूम’ असेल आणि सील नसेल, तरच किल्ली द्यायची.

काकांना काय काय दिसू शकतं ते बघू. जुनी पाटी दिसली, तर सील असो वा नसो, किल्ली नाही. नवी पाटी आणि सील दिसलं, तरीही किल्ली नाही. धोक्याची जोडी एकच, नवी पाटी आणि सील नाही. बाईंनी सील आधी लावलं आणि काकांनी पाटी आधी वाचली, तर ही जोडी दिसणं शक्यच नाही. नवी पाटी दिसली याचाच अर्थ सील त्याच्या आधी लागलंय.

आता काकांनी खेप वाचवायची म्हणून जाता जाता आधी कपाटावर नजर टाकली असं समजा. सील नाही. ते दाराकडे यायच्या आत बाईंनी सील ठोकलं आणि पाटीही बदलली. दाराशी येऊन काकांनी वाचलं, ‘स्टाफरूम’. मनात हिशेब केला, पाटी स्टाफरूमची, सील मघाशी नव्हतं, म्हणजे साधं कपाट. किल्ली दिली. ज्याला पेपर हवाच आहे तो सील बघून थांबणार नाही. पेपर फुटला.

यात बाईंचं काही चुकलं नाही. काकांनीही नियमातल्या दोन्ही गोष्टी तपासल्या. फक्त आधीचं नंतर आणि नंतरचं आधी झालं.

पाटी म्हणजे युजर क्रमांक, सील म्हणजे डम्पेबलची खूण, काका म्हणजे कर्नेलमधली तपासणी. आणि काकांनी आधी पाटीच वाचावी म्हणून जी सूचना होती, तीच ती पुसली गेलेली ओळ.

## दोन्ही एकाच कागदावर का नाही लिहीत?

हा प्रश्न मलाही पडला होता आणि त्याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात आवडलं.

एकाच कागदाची युक्ती लिनक्समध्ये आहेच. 2009 मध्ये आलेल्या 2.6.29 आवृत्तीपासून प्रोग्रामची ओळख, म्हणजे युजर क्रमांक, गट क्रमांक, विशेष अधिकार, हे सगळं एका ओळखपत्रावर असतं. बदल करायचा तर जुन्या पत्रावर खाडाखोड करायची नाही. त्याची नक्कल काढायची, नकलेवर बदल करायचे आणि शेवटी ‘चालू पत्र कुठलं’ हे सांगणारी खूण एका झटक्यात नव्या पत्राकडे वळवायची. बघणाऱ्याला एक तर अख्खं जुनं पत्र दिसतं, नाही तर अख्खं नवं. युजर क्रमांक नवा आणि गट जुना, असं अर्धवट चित्र त्याला कधी दिसत नाही.

पण डम्पेबल या पत्रावर मावत नाही, कारण ती माणसाबद्दलची माहिती नाहीच. ती कपाटाबद्दलची आहे. एकाच प्रोग्रामचे अनेक धागे (थ्रेड, म्हणजे त्याची एकाच वेळी चालणारी कामं) एकत्र चालत असतील तर लिनक्समध्ये प्रत्येकाचं ओळखपत्र स्वतंत्र असतं आणि मेमरी मात्र सगळ्यांची मिळून एक. गुपित मेमरीत आहे, म्हणून ‘डोकावू नका’ ही खूणही मेमरीवर ठेवावी लागते. दोन वस्तू दोन ठिकाणी ठेवल्या की त्या एका झटक्यात बदलता येत नाहीत. मग उरतो तो क्रम, आणि क्रम राखायला बॅरियरची जोडी.

## ओळ गेली कशी, आली कशी?

2016 मध्ये याच तपासणीत दुसरा एक खरा दोष दुरुस्त करायचा होता. एका मशिनवर वेगवेगळ्या बंद कप्प्यांत प्रोग्राम चालवण्याची जी पद्धत आहे, तिच्याशी तो संबंधित होता. दुरुस्ती गरजेची होती आणि चांगलीही होती. तिच्यात तपासणीचा तो भाग नव्याने लिहिला गेला. जुन्या भागात ‘एसएमपी_आरएमबी’ अशी एक ओळ होती. एसएमपी म्हणजे अनेक प्रोसेसरचं मशिन, आर म्हणजे रीड अर्थात वाचन, एमबी म्हणजे मेमरी बॅरियर. नव्या भागात ती राहून गेली.

ती का आहे, तिची जोडी कुठे आहे, हे तिच्याशेजारी लिहिलेलं नव्हतं. तिची जोडीदार वेगळ्याच फाईलमध्ये, ओळखपत्र बदलण्याच्या कामात बसली होती आणि तिच्याशेजारीही काही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे एक बॅरियर जागेवर राहिला आणि दुसरा गेला. बाई सील आधी ठोकत राहिल्या, पण काकांचा नियम पुसला गेला होता.

2019 मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षेतले दोष शोधणाऱ्या गटातल्या यान हॉर्न यांनी ही ओळ परत घातली. जुलै 2019 मध्ये आलेल्या 5.2 आवृत्तीत ती आहे. त्यांनी ओळीबरोबर दोन्ही ठिकाणी टिपाही लिहिल्या. एका टिपेत म्हटलंय की, प्रोग्राम अधिकार सोडत असतानाच आपण तपासायला आलो, तर खूण ओळखपत्राच्या नंतरच वाचली गेली पाहिजे, आणि याची जोडी अमुक फंक्शनमध्ये आहे. दुसरी टीप तिकडून इकडे बोट दाखवते. दुरुस्तीबरोबरच्या निवेदनात ‘मला समजलंय तेवढं’ असंही त्यांनी नोंदवलंय. या विषयात मुरलेला माणूसही असं सावधपणे लिहितो, यावरून इथली वाट किती निसरडी आहे ते कळतं.

कोडमधल्या टिपांना अनेक जण शोभेची वस्तू समजतात. मला त्या टिपा आता पहाऱ्याचाच भाग वाटतात. ज्या ओळीचा परिणाम कुठेच दिसत नाही, तिला उद्याच्या हातांपासून वाचवायला शेजारचे चार शब्दच असतात.

## एवढ्याशा क्षणात कोण काय साधणार?

ही शंका रास्त आहे. सील बघणं आणि पाटी वाचणं यांच्यात मोजून काही नॅनोसेकंद असतात. तेवढ्यात नेमकं दोन्ही बदलायला हवं.

पण हल्लेखोराला एकदाच प्रयत्न करायची सक्ती नसते. फसलेल्या प्रयत्नाला फक्त ‘परवानगी नाही’ असं उत्तर मिळतं, दंड काही नाही. प्रोग्राम पुन्हा सुरू करा, पुन्हा डोकावा, रात्रभर लाखो वेळा. कुठला प्रोग्राम कुठल्या कोअरवर चालेल, मशिनवर ताण किती असेल, हेही त्याला बरंचसं ठरवता येतं. लाखात एकदा जमणारी गोष्ट त्याला पुरते.

याचा पुरावा ऑक्टोबर 2016 मध्ये सगळ्यांनी पाहिला. डर्टी काऊ नावाने गाजलेला लिनक्समधला दोष तेव्हा उघड झाला. तो मेमरी ऑर्डरिंगचा नव्हता, पण होता याच कुळातला, दोन कामांच्या शर्यतीचा. फक्त वाचायला दिलेल्या फाईलमध्ये साध्या युजरला लिहिता येत होतं आणि त्यातून रूट होता येत होतं. त्यासाठी दोन धागे शेजारी शेजारी तेच ते काम करत राहायचे, योग्य क्षण जुळेपर्यंत. 2007 पासूनच्या आवृत्त्यांमध्ये तो दोष होता. तो दुरुस्त करताना लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिलं की, ही चूक अकरा वर्षांपूर्वी आपणच सुधारायचा प्रयत्न केला होता आणि तो नीट जमला नव्हता. तेव्हा जी शर्यत निव्वळ कागदावरची वाटत होती, ती मधल्या काळात कर्नेलमध्ये झालेल्या सुधारणांमुळे जिंकायला सोपी झाली होती, असंही त्यांनी नोंदवलं.

‘कागदावरची’ या शब्दावर म्हणूनच विसंबून राहता येत नाही. कोड तोच राहतो, त्याच्याभोवतीचं मशिन बदलतं.

## मग सरळ कुलूपच का नाही लावत?

लावतात की. एका वेळी एकानेच आत जायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, अशी कुलपं कर्नेलमध्ये जागोजागी आहेत आणि त्यांच्यात क्रमाची हमी आपोआप मिळते. पण ओळखपत्र ही वस्तू कर्नेल सतत बघत असतो. नुसती फाईल उघडली तरी ते वाचावं लागतं. सर्व्हरवर 64 कोअर एकाच वेळी हे करत असतील आणि प्रत्येकाला कुलपासाठी रांग लावावी लागली, तर 64 कोअर घेतलेच कशाला? लोकलच्या प्रत्येक डब्याच्या दाराशी तिकीट बघायला माणूस उभा केला तर गाडी सुटणारच नाही, तसं होईल. म्हणून वाचणाऱ्यांना विनाकुलूप जाऊ देतात आणि बदलणाऱ्यावर शिस्तीचा भार टाकतात. वेग मिळतो. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक बॅरियर जपावा लागतो.

## चाचणीत हे सापडत नाही?

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. प्रोसेसरच्या सगळ्या जाती सारख्याच बेशिस्त नसतात. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर, ज्यांच्या जातीला एक्स86 म्हणतात, बरेच कडक. त्यांच्यात एका कोअरची दोन लिखाणं इतरांना उलट्या क्रमाने दिसत नाहीत आणि दोन वाचनंही उलटी झाल्यासारखी वाटत नाहीत. लिखाण जावक ट्रेमध्ये असताना पुढचं वाचन उरकून घेणं, एवढीच सूट ते घेतात. फोनमध्ये असतात ते आर्म जातीचे प्रोसेसर मात्र खूप मोकळे. तिथे वाचन-वाचन, लिखाण-लिखाण, सगळंच मागेपुढे होऊ शकतं.

याचा थेट परिणाम आपल्या ओळीवर होतो. वाचनाचा तो बॅरियर एक्स86 वर फक्त कंपायलरला आवर घालतो, प्रोसेसरला वेगळं काही सांगावंच लागत नाही. ओळ पुसली तरी तिथे काकांचा क्रम बहुधा टिकूनच राहील. आर्मवर तसं नाही. म्हणजे प्रोग्रामर आपल्या टेबलावरच्या इंटेलच्या मशिनवर आठवडाभर चाचणी घेईल, सगळं हिरवं दिसेल, आणि तोच कोड कोट्यवधी फोनमध्ये वेगळा वागू शकेल.

आर्म आता फोनपुरता उरलेला नाही. अ‍ॅमेझॉनने 2018 मध्ये आपल्या सर्व्हरसाठी ग्रॅव्हिटॉन आणला, अ‍ॅपलने 2020 मध्ये एम1. या बदलात क्रमाचा प्रश्न किती खरा आहे हे एम1 मध्ये दिसतं. जुने इंटेलसाठीचे प्रोग्राम त्यावर नीट चालावेत म्हणून अ‍ॅपलने चिपमध्येच एक्स86 सारखी कडक शिस्त लावण्याची सोय ठेवली.

नुसतं चालवून बघण्यापलीकडची हत्यारंही आली आहेत. 2018 च्या 4.17 आवृत्तीपासून लिनक्सकडे स्वतःचे मेमरीचे नियम गणिती भाषेत मांडलेले आहेत. चार-सहा ओळींचा छोटा नमुना दिला की ‘नवी पाटी, सील नाही’ ही जोडी नियमांप्रमाणे शक्य आहे का, हे संगणकच सांगतो. 2020 मध्ये केसीसॅन नावाचं साधन आलं. ते कर्नेल चालू असताना दोन कोअर एकाच जागेवर बिनशिस्तीने हात घालताना पकडतं. तरीही लाखो ओळींपैकी कुठला क्रम महत्त्वाचा आहे, हे आधी कुणीतरी माणसानेच ओळखावं लागतं.

## प्रोसेसरच परवानगीआधी वाचतो तेव्हा

आतापर्यंत चूक कोडमध्ये होती. 3 जानेवारी 2018 ला जे जाहीर झालं, त्यात कोड बरोबर होता आणि चूक सिलिकॉनमध्ये, म्हणजे खुद्द प्रोसेसरच्या चिपमध्ये होती. मेल्टडाऊन हे त्याचं नाव. तो वेगवेगळ्या गटांना स्वतंत्रपणे सापडला होता. त्यांत यान हॉर्न होते आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठातले संशोधकही.

साध्या प्रोग्रामने कर्नेलची मेमरी वाचायला मागितली तर प्रोसेसरने नकार द्यायला हवा, आणि तो देतोही. पण इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये नकार पोचेपर्यंत आकडा आणलेला असायचा आणि पुढच्या दोन-चार सूचनांना वापरायलाही मिळायचा. मग नकार यायचा आणि सगळं रद्द व्हायचं. निकाल पुसला जायचा, पण खुणा राहायच्या. त्या आकड्याच्या आधारे मेमरीची कुठली जागा प्रोसेसरजवळच्या झटपट साठ्यात (कॅशमध्ये) ओढली गेली होती, ते नंतर वेळ मोजून कळायचं. जी जागा चटकन वाचली जाते, ती मघाशी वापरली गेलेली. ओट्यावर काही नसलं तरी कुठला डबा अजून कोमट आहे त्यावरून काय शिजलं होतं ते ओळखावं, तसं.

लिनक्सने यावर उपाय केला तो असा की, साधा प्रोग्राम चालू असताना कर्नेलची जवळजवळ सगळी मेमरी त्याच्या नकाशातूनच काढून टाकायची. पत्ताच नसला तर आधी वाचणार काय? त्यामुळे कर्नेलमध्ये जाण्यायेण्याचा वेळ वाढला, पण तो खर्च सोसण्याजोगा होता. एएमडीच्या प्रोसेसरना मेल्टडाऊनचा त्रास नव्हता. याचा अर्थ वेग आणि तपासणी यांचा मेळ सिलिकॉनमध्येही घालता येतो.

## माझ्या फोनचा यात काय संबंध?

अँड्रॉइडमध्ये साधारणपणे प्रत्येक अ‍ॅपला वेगळा युजर क्रमांक मिळतो. तुमचं पैसे पाठवायचं अ‍ॅप आणि मुलांनी टाकलेला गेम हे कर्नेलच्या दृष्टीने दोन वेगळे भाडेकरू. एकाने दुसऱ्याच्या फाईलमध्ये डोकावू नये याची पहिली हमी या क्रमांकावरूनच मिळते. आणि तुम्ही अ‍ॅपवर बोट ठेवता, तेव्हा रूट म्हणून चालणारा झायगोट नावाचा प्रोग्राम स्वतःची प्रत काढतो आणि ती प्रत रूटचे अधिकार सोडून त्या अ‍ॅपच्या क्रमांकावर उतरते. मघाचा पायउतार तो हाच. दिवसातून शेकडो वेळा, आर्म प्रोसेसरवर, तुमच्या खिशात.

घाबरायचं कारण नाही, कारण फोनमध्ये पहारे एकावर एक असतात. अँड्रॉइडमध्ये एसईलिनक्स नावाचा आणखी एक कडक पहारेकरी आहे. तो क्रमांक जुळला तरी वेगळे नियम लावतो आणि बऱ्याच गोष्टी मुळातच बंद ठेवतो. एक फट म्हणजे लगेच दरोडा असं नसतं. हल्लेखोरांना बहुधा दोन-तीन फटी एकामागे एक जोडाव्या लागतात. म्हणून प्रत्येक फट बुजवणं मोलाचं असतं, एकटी निरुपद्रवी वाटणारीसुद्धा.

ऑगस्ट 2015 पासून गूगल दर महिन्याला अँड्रॉइडच्या सुरक्षा दुरुस्त्यांची यादी काढतं. तिच्यात कर्नेलच्या दुरुस्त्याही असतात. तुमच्या फोनला शेवटचा अपडेट कुठल्या महिन्याचा मिळाला, हे सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीखाली ‘सिक्युरिटी पॅच लेव्हल’ या ओळीत दिसतं. तारीख वर्षापूर्वीची असेल आणि नवीन अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करायचे का, याचा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि रीस्टार्टचं म्हणाल, तर अ‍ॅप बंद करून उघडता येतं, कर्नेल तसा उघडता येत नाही. फोन सुरू झाला तेव्हा जो कर्नेल मेमरीत बसला, तोच फोन बंद होईपर्यंत पहाऱ्यावर असतो. अपडेट उतरवून घेतला तरी दुरुस्त झालेली ओळ तोवर नुसती साठवणीत पडून असते. ‘नंतर’ म्हणत राहू तितके दिवस दारावर जुनेच काका उभे असतात.